जुनी सचित्र पुस्तकं जमवताय? आधी एवढंच बघा

सुरुवातीला एकच चित्रकार धरा. दिसेल ते उचलत सुटलात तर सहा महिन्यांत घराचं रद्दीचं दुकान होईल (माझं झालं होतं). मी तरी दीनानाथ दलाल सुचवेन. मुखपृष्ठं भरपूर, सही चटकन ओळखू येते आणि १९४५ साली त्यांनी सुरू केलेल्या 'दीपावली'चे अंकही शोधता येतात. मग शेजारी रघुवीर मुळगावकर ठेवून बघा. दलालांची रेषा, मुळगावकरांचा मऊ, गुळगुळीत रंग. नजर अशीच तयार होते, किमती पाठ करून नाही.

नवखे हमखास चुकतात ते इथे:

- वाचनालयाची प्रत घाईने घेतात. पक्क्या बांधणीत मुखपृष्ठ बऱ्याचदा काढून टाकलेलं असतं, म्हणजे नेमकं चित्रच गेलं!
- 'पहिली आवृत्ती' या शब्दावर भुलतात. आवृत्तीचं पान स्वतः वाचा. नव्या आवृत्तीत कधी चित्रकारच बदललेला असतो.
- फाटलं की सेलोटेप. नकोच. पिवळा डाग कायमचा राहतो.

आणलेलं पुस्तक लगेच कपाटात ठेवू नका. आठवडाभर वेगळं ठेवा, पानं झटका, कसर आहे का बघा. दुर्मीळ प्रती, लिलाव वगैरे पुढच्या वर्षी बोलू.