नागपूरहून आम्ही जानेवारीत सिंगापूरच्या क्रूझवर जातोय. थायलंडच्या फुकेतला जहाज दहा तास थांबणार आहे, तेवढ्यात दोन स्कूबा डाइव्ह बसतील का?

बसतील, पण राचा याई या फुकेतच्या दक्षिणेकडच्या बेटाला जाणाऱ्या बोटीचा नाद सोडा.

तुम्ही वेळ दिली आहे सकाळी 8 ते संध्याकाळी 6. ती जहाजाच्या घड्याळाची की फुकेतची, हे आधी क्रूझवाल्यांना विचारा. सिंगापूर थायलंडच्या एक तास पुढे आहे. जहाजाने सिंगापूरचंच घड्याळ ठेवलं, तर तुमच्या हाती येतात स्थानिक 7 ते 5. शिवाय फुकेतच्या पातोंग किनाऱ्याला जहाज धक्क्याला लागत नाही, समुद्रातच नांगर टाकतं आणि टेंडर बोटींनी किनारा गाठावा लागतो. शेवटची टेंडर जहाज सुटण्याच्या बरीच आधी निघते. तासभर धरून चला. चालोंग जेट्टीवरून डाइव्हच्या मोठ्या बोटी साडेआठच्या सुमारास सुटतात आणि चारच्या पुढेच परततात. म्हणजे घड्याळ फुकेतचं असेल तर सकाळची बोट चुकते आणि सिंगापूरचं असेल तर संध्याकाळी जहाज चुकतं!

त्यापेक्षा काटा बीच घ्या. पातोंगहून टॅक्सीने अर्धा तास. उत्तर टोकाच्या खडकांलगत किनाऱ्यावरूनच पाण्यात उतरता येतं. खोली 10 मीटरच्या आतबाहेर, पाणी राचासारखं नितळ नाही, पण जानेवारीत समुद्र शांत असतो. (मे ते ऑक्टोबर मात्र तिथे लाटा फुटतात, तेव्हा हा बेत नको.) वहिनींनी कधी डाइव्ह केलेली नाही, त्यांच्यासाठीही हीच जागा बरी: इन्स्ट्रक्टरसोबतच्या ट्राय डाइव्हची मर्यादा 12 मीटर असते आणि घाबरायला झालं तर किनारा जवळ.

वेळेचा हिशेब असा. 11 लिटरच्या सिलिंडरमध्ये 200 बार (बार म्हणजे दाबाचं एकक) हवा, 50 बार राखीव, म्हणजे वापरायला 1650 लिटर. 8 मीटरवर दाब 1.8 बार. पृष्ठभागावर मिनिटाला 20 लिटर हवा लागणाऱ्याला तिथे 36 लागते, म्हणून 45 मिनिटं मिळतात. अशा दोन डाइव्ह, मध्ये तासभर विश्रांती, कागदपत्रं, किट चढवणं-उतरवणं आणि टॅक्सी मिळून पाच-साडेपाच तास होतात. साडेआठला किनाऱ्यावर असाल तर दोनपर्यंत पातोंगला परत. शेवटच्या टेंडरपर्यंत उरलेले किमान दोन तास ट्रॅफिकला राखून ठेवा, खरेदीला नाही. टॅक्सीचं भाडं जाण्यायेण्याचं आधीच ठरवा.

उथळ आहे म्हणून कानांना सोपं जाईल, असं समजू नका. वर 1 बार दाब असतो, 10 मीटरवर 2. सगळ्यात मोठा फरक इथेच पडतो. नाक दाबून हळूच हवा ढकलायची ती पहिल्या मीटरपासून, दुखायची वाट न पाहता. नाही मोकळा झाला कान तर मीटरभर वर या, जोर लावू नका. सर्दी असेल तर डाइव्ह रद्द. डिसेंबर-जानेवारीत नागपुरातून निघणाऱ्यांचं नाक अनेकदा गच्चच असतं, तेव्हा आठवडाभर आधी कान दाखवून घ्या. धंतोलीत ईएनटीवाल्यांची कमी नाही.

तिथेच मेडिकल फॉर्मही उरकून टाका. दमा, कानाचं ऑपरेशन, हृदयविकार अशा प्रश्नांना ‘हो’ आलं की डॉक्टरांची सही लागते. सही नसेल तर काटाचं डाइव्ह सेंटर पाण्यात उतरू देणार नाही आणि तिथे डॉक्टर शोधण्यात तुमची सकाळ जाईल. फॉर्म सेंटरकडून ईमेलवर मागवा. तुमची शेवटची डाइव्ह होऊन वर्ष उलटलं असेल तर पहिली डाइव्ह रिफ्रेशर (उजळणी) म्हणूनच बुक करा.

सोबत स्वतःचा मास्क, ओपन वॉटर कार्ड (डाइव्हिंग शिकल्याचं प्राथमिक प्रमाणपत्र) आणि पासपोर्टची प्रत एवढंच न्या, बाकी किट भाड्याने मिळतं. आदल्या रात्री जहाजावरच्या बारपासून लांब राहा, आणि डाइव्हनंतर त्याच दिवशी जकुझीत बसू नका. विमानाआधी, अनेक डाइव्ह झाल्या असतील तर किमान 18 तासांचं अंतर हवं. सिंगापूरला परतायला जहाजाला त्याहून जास्त लागतं, त्यामुळे नागपूरच्या विमानाची चिंता नाही. ट्रॅव्हल इन्शुरन्समध्ये स्कूबा धरलं आहे का तेवढं वाचा. बऱ्याच पॉलिसींत नसतं.

जहाजाची स्वतःची सहल उशिरा आली तर जहाज थांबतं, तुमच्या टॅक्सीसाठी थांबणार नाही. लाटा जास्त असल्या तर कॅप्टन थांबाच रद्द करू शकतो. तेव्हा सेंटरला जहाजाचं नाव आणि वेळ कळवून, थांबा रद्द झाल्यास पैसे परत मिळतील असं लेखी घ्या, मगच ॲडव्हान्स भरा.