पोळ्यांच्या ताईंची लेक आमच्याकडेच राहिली तर?

"मावशी, मी 45, नवरा 49, मूल नाही, ट्रीटमेंटचा विषय कधीच बंद केलाय. आम्ही नाशिकला राहतो. आमच्याकडे पोळ्यांना येणाऱ्या ताईंना टीबी निघाला. त्यांचा नवरा सोडून गेलाय, कुठे आहे माहीत नाही. दिवाळीनंतर त्या दिंडोरीकडे भावाकडे राहायला गेल्या आणि 9 वर्षांच्या मुलीला आमच्याकडे ठेवून गेल्या, 'बरी झाले की नेते' म्हणाल्या. मुलीने घर भरून टाकलंय. तिला उवा झाल्या होत्या म्हणून मी पार्लरमध्ये नेऊन बॉबकट केला, ताई भेटायला आल्या तर बघून रडल्याच, मला वाईट वाटलं आणि खरं सांगू, रागपण आला. जूनमध्ये तिला इंग्लिश मीडियमला घालायचं म्हणतेय. सासूबाई म्हणतात एक तर दत्तक घ्या नाहीतर परत पाठवा, आणि आहे तोवर निदान भांडी विसळू दे. मैत्रीण म्हणते फोस्टर केअर घे, दोन वर्षांनी आपोआप दत्तक होतं. खरं का? नवरा यावर काहीच बोलत नाही."

अगं, आपोआप काही होत नाही. मैत्रिणीने अर्धंच ऐकलंय. 2024 मध्ये केंद्राचे फोस्टर केअरचे, म्हणजे तात्पुरत्या पालकत्वाचे, नवे नियम आले, त्यात दोन वर्षं सांभाळलेलं मूल त्याच घराला दत्तक घेता येतं असं आहे, आधी हेच पाच वर्षं होतं. पण ते कुठल्या मुलाला? जे कायद्याने दत्तकासाठी मोकळं झालंय, ज्याच्यावर आता कुणाचा हक्क उरलेला नाही. या मुलीची आई दिंडोरीला औषधं घेत बसलीये आणि 'नेते' म्हणून गेलीये. म्हणजे दोन वर्षं काय आणि दहा वर्षं काय, नुसते दिवस मोजून ती तुझी होणार नाही.

बाँडपेपरवर दत्तकपत्र करून देतो म्हणणारा कुणीतरी भेटेलच तुला, म्हणून तेही सांगून ठेवते. हिंदू दत्तक कायद्याने, 1956 चा तो, आईबाप स्वतः मूल देऊ शकतात हे खरं, पण वडील जिवंत असतील तर त्यांची संमती लागते, आणि नुसता निघून गेला म्हणजे संमती लागत नाही असं होत नाही. दुसरा रस्ता म्हणजे आईने बाल कल्याण समितीपुढे, म्हणजे मुलांबद्दलचे निर्णय घेणाऱ्या सरकारी समितीपुढे, जाऊन मूल सोडतेय असं लिहून देणं, मग विचार बदलायला तिला 60 दिवस मिळतात, आणि तरीही ती मुलगी तुलाच मिळेल असं नाही, दत्तकाची रांग आहे तिकडे जाईल. हे काहीही त्या बाईकडे आत्ता मागू नकोस. ती आजारी आहे, पगार बंद आहे, पोरगी तुझ्या घरात जेवतेय, ती तुला नाही कशी म्हणेल सांग. असा होकार घेऊन तुला तरी झोप लागेल का?

आता तू न विचारलेलं. मुलगी ताईंकडे राहूच शकत नाही असं तू धरून चाललीयेस, कशावरून? टीबीची औषधं सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात, पेशंटच्या खात्यात खाण्यासाठी महिन्याला 1000 रुपये येतात, आणि साधा टीबी असेल तर नेमाने गोळ्या घेतल्या की साधारण सहा महिन्यांत कोर्स संपतो. (मुलगी त्यांच्याच खोलीत राहायची ना? मग तिचीपण तपासणी करून घे आधी, घरातल्या माणसांना आजार होऊ नये म्हणून गोळ्या देतात, डॉक्टरांना विचार.) आपल्याकडे बालसंगोपन योजना आहे, हल्ली तिला सावित्रीबाईंचं नाव दिलंय, त्यात एकट्या पडलेल्या किंवा आजारी पालकाच्या मुलासाठी महिन्याला 2250 रुपये मिळतात. केंद्राच्या मिशन वात्सल्य योजनेतून महिन्याला 4000 ची प्रायोजकत्वाची मदत आहे, त्यात नवऱ्याने टाकलेल्या बायका बसतात, मोठ्या आजारातले आईबाप बसतात, अट उत्पन्नाची, शहरात वर्षाला 96 हजार आणि खेड्यात 72 हजारांच्या आत. दोन्ही एकदम मिळतील असं धरू नकोस, पण जे बसेल ते मिळवून देणं हे काम तू करू शकतेस, ताईंना एकटीला ते फॉर्म आणि उत्पन्नाचे दाखले झेपणार नाहीत. हे सगळं करून झाल्यावर त्या म्हणाल्या की नाही हो, मला अजून उभं राहवत नाही, राहू दे तिला तुमच्याकडे, तर फोस्टरचं बोलू. आधी नाही.

आणि तशी वेळ आली तर मात्र मी म्हणेन जरूर घे, घाबरू नकोस, फक्त कागद करून घे. आत्ता काय आहे, उद्या तिला अपेंडिक्सचं दुखणं आलं तर ऑपरेशनची सही कोण करणार, किंवा तिचा बाप अचानक उगवला आणि पोरगी पळवली म्हणून चौकीत गेला तर तू काय दाखवणार. फोस्टर केअर बाल न्याय कायदा 2015 च्या कलम 44 मध्ये आहे आणि ते नेमकं अशाच मुलांसाठी आहे ज्यांना घर हवंय पण ज्यांचं स्वतःचं घर संपलेलं नाही. साधारण सहा वर्षांपुढच्या मुलांना देतात, त्यामुळे तुमची नऊ वर्षांची बसते. तुमच्या दोघांच्या वयाची बेरीज 94, फोस्टरला या वयाच्या मुलासाठी 70 ते 110 चालते, तिथे अडचण नाही. जिल्हा बाल संरक्षण कक्षाची माणसं घरी येऊन गृहभेट करतात, तुम्हा दोघांशी बोलतात, मुलीशी वेगळं बोलतात, मग समिती आदेश काढते. नंतरही बघायला येत राहतात, कायद्यात दर महिन्याला तपासणी आहे, प्रत्यक्षात दर महिन्याला कुणी फिरकेल का माहीत नाही, पण आले तर तोंड वाकडं करायचं नाही. समिती म्हणाली की तुमच्याकडे नको, मामाकडे ठेवू, तर तेही ऐकावं लागेल हे आत्ताच मनात धरून ठेव.

कलम 44 मध्येच आहे की आईबाप मुलाला भेटायला येऊ शकतात आणि आई सावरली असं समितीला वाटलं की मूल तिच्याकडे परत जातं. म्हणूनच तो बॉबकट मला खटकला. उवांवर औषध मिळतं गं, मेडिकलमध्ये, बारीक दातांची फणी मिळते, आणि अगदी कापायचेच होते तर एक फोन करायचा होता. केस कापले म्हणून त्या रडल्या नाहीत, मुलीचं ठरवणारी आता मी नाही हे त्यांना त्या दिवशी तुझ्या हॉलमध्ये उभं राहून कळलं म्हणून रडल्या. आणि तुला राग का आला तेही तू स्वतःशी एकदा नीट बघ, मला वाटतं त्या क्षणी तुला आठवलं की हिची आई आहे. यात तू वाईट ठरत नाहीस, इतकी वर्षं वाट बघितलेल्या बाईला असं होणारच. पण फोस्टर आई व्हायचं तर मुलीची आई दारात आल्यावर तिला खुर्ची आणि चहा देता आला पाहिजे, आणि तोसुद्धा पाहुणीसारखा, कामवालीसारखा नाही, कप वेगळा नाही. हे जमणार असेल तरच पुढे जा.

इंग्लिश मीडियमचा बेतही तूर्त गुंडाळून ठेव. समज ताई सहा महिन्यांत बऱ्या झाल्या, फी कोण भरणार, अभ्यास कोण घेणार, आणि चौथीत परत मराठी शाळेत आली की वर्गातली पोरं काय म्हणतील. तिची जुनी शाळा, जुन्या बाई, त्याच मैत्रिणी राहू देत, घर बदललंय तेवढं पुरे झालं तिला. शिकवायची हौस असेल तर संध्याकाळी घरी घे इंग्रजी. आणि आई म्हणायला शिकवू नकोस, काकूच बरं.

सासूबाईंना म्हणावं, भांडी नाही. चौदा वर्षांच्या आतल्या मुलाला घरकामाला ठेवणं हा गुन्हा आहे, आणि कामवाल्या बाईची लेक मालकिणीच्या घरी राहून भांडी घासतेय हे बघितल्यावर गृहभेटीला आलेली बाई दुसरं काही विचारायच्या आधी वहीत हेच लिहील, आणि बरोबरच लिहील. स्वतःचं ताट उचलणं वेगळं, ते तुझ्या नवऱ्यानेही उचलावं. बाकी त्यांचा 'एक तर हे नाहीतर ते' हा हट्ट मला कळतो, उद्या जाणाऱ्या पोरीला जीव लावून सून पुन्हा रडत बसेल ही भीती असणार त्यांना. रडशील तू, ती गेल्यावर खूप रडशील, त्याला इलाज नाही.

तुला कायमचं मूलच हवंय असं आतून वाटत असेल तर ती इच्छा या मुलीवर लादू नकोस, दत्तकासाठी वेगळी नोंदणी कर. तुमच्या वयाच्या बेरजेला चार वर्षांच्या आतलं बाळ मिळणार नाही, तिथे मर्यादा 90 आहे, पण चार ते आठ वयोगटात 100 पर्यंत चालतं. वाट बरीच बघावी लागते, तीन वर्षं आणि वरही, म्हणून ठरवायचं तर लवकर ठरवा. दोन्ही गोष्टी एकदम सुरू केल्यास तर दोन्हीकडे खरं सांग.

आणि नवरा. तीन ओळी सासूबाईंना, एक ओळ मैत्रिणीला आणि त्याच्या वाट्याला अर्धी ओळ. फोस्टरच्या कागदावर त्याचीही सही लागते, गृहभेटीत त्यालाही विचारतात, तेव्हा तो गप्प बसला तर तिथेच संपलं. आज रात्री टीव्ही बंद करून विचार त्याला, तुला ही मुलगी घरात हवीये का आणि ती गेली तर तुझं काय होईल. त्याचं काय ते ऐकून घे, मग ताईंना फोन लाव, आणि मग ताईंना बरोबर घेऊनच जिल्हा महिला व बाल विकास अधिकारी कार्यालयात जा, बाल संरक्षण कक्षाचं तिथेच कळेल, नाहीच सापडलं तर 1098 या मुलांच्या हेल्पलाइनला फोन कर. जाताना मुलीचा जन्मदाखला, शाळेचं बोनाफाईड, दोघींचं आधार, ताईंचे दवाखान्याचे पेपर आणि तुमचे दोघांचे आधार आणि उत्पन्नाचे कागद, सगळ्याच्या दोन-दोन झेरॉक्स ने, तिकडे जवळपास झेरॉक्सवाला असेलच असं नाही.