‘घरात चालेल, पण रस्त्यावर कशाला?’

फोंड्यातल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत हे वाक्य मी पुन्हा पुन्हा ऐकते. “आम्ही मुलीला स्वीकारलंय, मॅडम. घरात काही प्रश्न नाही. पण ते झेंडे घेऊन रस्त्यावर उभं राहणं कशाला?” या पालकांना मी मागासलेले मुळीच मानत नाही. मूल समलिंगी आहे कळताच ‘उपचार’ शोधत फिरणाऱ्यांच्या ते कितीतरी पुढे आलेले असतात. अडतं ते इथेच, उंबऱ्यावर.

वैदेही (नाव आणि ओळखीचे तपशील बदलले आहेत) सत्तावीस वर्षांची, डिचोली भागातली, औषध कंपनीत नोकरीला. 17 ऑक्टोबर 2023 ला सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी विवाहाला मान्यता द्यायला नकार दिला. त्यानंतर ती पणजीच्या आझाद मैदानावर मैत्रिणींबरोबर फलक धरून उभी राहिली. फोटो व्हॉट्सॲपवर फिरत फिरत पेडण्याच्या मावशीकडे पोचला. मावशीचा फोन आला आणि आईने अबोला धरला. “लोक कितें म्हणटले?” एवढंच ती म्हणत राहिली.

बाबा तिला घेऊन माझ्याकडे आले. सुरुवातीच्या भेटी नुसत्या वादात गेल्या.

“समलिंगी संबंध गुन्हा ठरवणारं 377 कलम 2018 मध्येच गेलं ना? आता कोण पोलीस येऊन धरतोय? मग भांडण कुणाशी?”

“बाबा, माझी लाज वाटते तेवढं सांगा.”

“लाज नाही गो. भय वाटतं.”

हे ‘भय’ महत्त्वाचं होतं. पण भय बोलून दाखवलं म्हणून मुलीचा प्रश्न सुटत नाही. तिच्या मनात एकच होतं: ह्यांना मी हवी आहे, माझं आयुष्य नको.

कुणालाही पटवून द्यायचं काम मी करत नाही. माणसाला उत्तर बहुतेक वेळा ठाऊक असतं, फक्त ते दुसऱ्याच कप्प्यात ठेवलेलं असतं, अशी माझी धारणा आहे आणि इतक्या वर्षांच्या कामात ती पक्की होत गेली आहे. बाबांनी माहितीच्या कागदावर ‘निवृत्त, नागरी नोंदणी कार्यालय’ असं लिहिलं होतं. तो कप्पा मी उघडायचा ठरवलं.

“काका, लग्नाच्या नोंदणीने नेमकं काय मिळतं हो?”

ते खुर्चीत सरसावून बसले. गोव्याचा नागरी कायदा, लग्नाचा इरादा नोंदवणारी पहिली सही, मग लग्न पक्कं करणारी दुसरी सही. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर दोघांची मालमत्ता सामाईक. बायकोच्या सहीशिवाय नवऱ्याला घर विकता येत नाही. एक गेला तर अर्धा वाटा मुळातच दुसऱ्याचा. बायका सही करायला किती घाबरायच्या, आणि “बाई, ही सही तुझ्याच फायद्याची” असं आपण त्यांना कसं समजावायचो, तेही सांगितलं. आवाजात निवृत्त माणसाचा सगळा अभिमान होता.

वैदेही हळूच म्हणाली, “बाबा, मी आणि माझी जोडीदार वीस वर्षं एका घरात राहिलो, तर यातलं मला काय मिळेल?”

ते बराच वेळ गप्प. बोटांनी टेबलावर सही केल्यासारखं काहीतरी गिरवत होते. मग म्हणाले, “नवराबायको म्हणून... काहीच नाही.” आणि थोड्या वेळाने, “मृत्युपत्र करता येईल. पण आम्ही आईवडील हयात असलो तर अर्ध्यावर आमचा हक्क.”

त्या क्षणी मला जे दिसलं ते मी आता प्रत्येक पालकाला सांगते. घर ही खासगी जागा आहे असं आपण समजतो, पण त्या घराच्या भिंती कायद्याने उभ्या असतात. मुलगी मैदानात मागत होती ते तिच्या घरासाठीच. ‘घरात चालेल’ म्हणणाऱ्या बापाला तिच्या घराला दार नाही हे त्याच्याच तोंडून कळलं.

तेव्हा पालकांनो, ‘कशाला जातेस’ याऐवजी ‘तिथे तुझ्याबरोबर कोण असतं, परत कशी येणार’ हे विचारा. भय खरं असेल तर ते सुरक्षिततेच्या प्रश्नात उतरतं. ‘बरं करून देतो’ म्हणणाऱ्याच्या पायरीला जाऊ नका. लैंगिक कल बदलण्याचे उपचार हे डॉक्टरांसाठी व्यावसायिक गैरवर्तन आहे, असं राष्ट्रीय वैद्यक आयोगाने 2022 मध्येच स्पष्ट केलं आहे.

आणि मुलांनो, फलक धरला नाही म्हणून कोणी भित्रं ठरत नाही. घरच्या पैशांवर शिकत असाल, राहायला दुसरी जागा नसेल, तर आधी ती सोय करा. सोबतच्यांना फोटोबद्दल स्पष्ट सांगून ठेवा. घरी सांगायचं असेल तर मावशीच्या फोनआधी तुम्ही सांगा. दोघं मिळून राहत असाल तर कागदपत्रं आजच बघा. संयुक्त बँक खातं उघडायला आणि जोडीदाराला नामनिर्देशित करायला आडकाठी नाही, हे केंद्रीय अर्थ मंत्रालयाने ऑगस्ट 2024 मध्ये कळवलं आहे. मानसिक आरोग्यसेवा कायदा 2017 नुसार मानसिक आजाराच्या उपचारांच्या काळात आपला प्रतिनिधी म्हणून जोडीदाराचं नाव देता येतं. लग्नाची जागा याने भरत नाही, पण अडचणीच्या वेळी हाताशी कागद असतो.

बाबा मैदानावर अजून गेलेले नाहीत. मुलीच्या मृत्युपत्राचा मसुदा मात्र त्यांनी स्वतः लिहून दिला, वकिलाने दोनच दुरुस्त्या केल्या. आई अजून रागावलेली आहे. मावशीला काय सांगायचं हे तिला ठरवता येत नाही. तिच्याशी मी आता वेगळ्याने बोलते आहे.