एडिंबरोला उंदरांच्या मेंदूवर पीएचडी करायला निघालेल्या भावाला

भाऊ, तुझा प्रश्न नीट वाचला. जळगावहून एम.एस्सी. झालास, एडिंबरोतल्या एका प्रयोगशाळेत पीएचडीची मुलाखत ठरलीय. विषय आहे उंदरांच्या मेंदूतले ग्लुटामेट रिसेप्टर (मेंदूतल्या पेशी एकमेकींना निरोप द्यायला सोडतात ते ग्लुटामेट, आणि तो निरोप झेलणारी प्रथिनं म्हणजे हे रिसेप्टर): जनावर किती सावध आहे आणि जागा त्याच्या किती लक्षात राहते, यांची सांगड ते कशी घालतात. काय वाचू, तिकडे काम कसं चालतं आणि येताना काय आणू, असं विचारलंयस. मी सावद्याची, बरीच वर्षं इथे याच कामात आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी एक गोष्ट पक्की कर. या विषयात उंदराची मनःस्थिती बाजूला ठेवून त्याची स्मरणशक्ती मोजता येत नाही, कारण दोन्ही वाटा एकाच रिसेप्टरपाशी येऊन मिळतात. मुलाखतीत तुला हे कळलंय का, तेच बघतील.

हिप्पोकॅम्पसमध्ये, म्हणजे जागा लक्षात ठेवणाऱ्या मेंदूच्या भागात, ग्लुटामेट सुटलं की त्याचा एएमपीए हा रिसेप्टर उघडतो आणि सोडियम आत येतं. पेशीचा विद्युतभार पुरेसा बदलला की ग्लुटामेटच्याच दुसऱ्या, एनएमडीए रिसेप्टरमध्ये अडकलेलं मॅग्नेशियम निघतं, कॅल्शियम आत शिरतं, आणि मग आणखी एएमपीए रिसेप्टर पृष्ठभागावर येऊन दोन पेशींमधला जोड बळकट होतो. १९८६ साली रिचर्ड मॉरिस आणि सहकाऱ्यांनी एपी५ हे औषध देऊन रॅटचे (मोठ्या जातीच्या उंदरांचे) एनएमडीए रिसेप्टर अडवले, तर टाकीतल्या पाण्याखाली लपवलेला चौथरा कुठे आहे हे त्यांना शिकता येईना. एवढं तुला पाठ असेलच.

आता सावधपणाची वाट. उंदीर दचकला किंवा त्याला काही नवं दिसलं की मेंदूच्या देठातला लोकस सेरुलियस हा पेशीसमूह सावध करणारं रसायन नॉरअ‍ॅड्रेनलिन सोडतो. त्यामुळे हिप्पोकॅम्पसमधलं पीकेए हे एन्झाइम जागं होतं आणि एएमपीए रिसेप्टरच्या जीएलयूए१ या घटकावर, ८४५ क्रमांकाच्या सेरीन या अमिनो आम्लावर, फॉस्फेट चढवतं. असा रिसेप्टर पृष्ठभागावर जायला सोपा होतो. २००७ साली अमेरिकेतल्या कोल्ड स्प्रिंग हार्बर प्रयोगशाळेच्या गटाने उंदरांना कोल्ह्याच्या मुताचा वास दिला, काहींना अ‍ॅड्रेनलिन टोचलं, आणि हे फॉस्फेट वाढलेलं दाखवलं. अ‍ॅड्रेनलिन दिलेल्या साध्या उंदरांना शॉक मिळालेली जागा जास्त चांगली आठवली. ज्यांच्या जीएलयूए१ मधल्या फॉस्फेटच्या जागाच बदलल्या होत्या, त्यांना तो फायदा मिळाला नाही. हा पेपर आकृत्यांसकट वाच.

पण खरी गंमत जीएलयूए१ अजिबात नसलेल्या उंदरांची आहे, आणि मला विचारशील तर मुलाखतीआधीचा बहुतेक वेळ इथेच घाल. १९९९ साली दिसलं की यांच्या हिप्पोकॅम्पसच्या सीए१ भागात जोड नेहमीसारखे बळकट होत नाहीत, तरी पाण्यातला चौथरा ते शिकतात. २००२ साली ऑक्सफर्डच्या गटाने त्यांना टी आकाराच्या वाटेवर सोडलं. आत्ताच डावीकडे जाऊन आलास, आता उजवीकडे जा, एवढंच काम. तिथे ते अडखळले. शिवाय नव्या पिंजऱ्यात टाकले की ते धावत सुटतात, जागा सरावाची होतच नाही. मग अडचण आठवणीची की न उतरणाऱ्या सावधपणाची? २००९ साली त्याच उंदरांत थोड्या वेळाची जागेची आठवण कमी, पण दीर्घकाळाची उलट जास्त असं निघालं. माझं मत असं की ती जागा त्यांना दर वेळी नवीच वाटते, आणि नवेपणा दीर्घ आठवणीला खतपाणी घालतो. तुझं मत वेगळं असलं तरी चालेल, पण मत असू दे.

एडिंबरोचंच काम हवं असेल तर २०१६ चं बघ. वाळूत पुरलेलं अन्न कुठे होतं हे उंदीर दुसऱ्या दिवशी विसरतात. पण शिकल्यावर अर्ध्या तासाने वेगळ्या जमिनीच्या खोक्यात फिरवले तर लक्षात ठेवतात. लोकस सेरुलियस प्रकाशाने चेतवला तरी तोच परिणाम, आणि तो नॉरअ‍ॅड्रेनलिनच्या बीटा रिसेप्टरवर नाही, डोपामिनच्या डी१/डी५ रिसेप्टरवर अवलंबून निघाला. म्हणजे लोकस सेरुलियसच्या कामात दोन रसायनं, आणि घाईने एकालाच श्रेय द्यायचं नाही.

हाताच्या कामाचंही ऐक. उंदीर शेपटीला धरून उचलू नकोस. नळीत घेऊन किंवा ओंजळीत उचलल्यावर ते कमी घाबरतात, हे २०१० सालीच दाखवलंय. २०१४ साली कॅनडातल्या गटाला दिसलं की पुरुषाच्या नुसत्या वासानेही उंदरांवर ताण येतो. म्हणून प्रयोग कोण करतंय, हे दर वेळी वहीत लिहायचं. पाण्याचं तापमानही लिही: १९९७ मध्ये १९ अंशांच्या पाण्यातले रॅट २५ अंशांतल्यांपेक्षा चांगले शिकले होते. आणि उंदीर चौथऱ्यापर्यंत पोचला नाही, तर ‘विसरला’ म्हणायच्या आधी त्याचा पोहण्याचा वेग बघ, चौथरा उघडा ठेवून बघ, टाकीच्या कडेकडेने फिरतोय का बघ. हा प्रश्न तुला विचारतीलच.

बाकी थोडक्यात. जनावरांवर काम करायला इथे १९८६ च्या कायद्याखाली सरकारी परवाना लागतो. आल्यावर प्रशिक्षण होतं, परीक्षा असते. उंदरांमुळे अ‍ॅलर्जी होते, दमा असेल तर आधीच सांग. व्हिसासाठी क्षयरोगाची तपासणी लागते, आरोग्याचा अधिभार वर्षाला ७७६ पौंड आहे. तो शिष्यवृत्तीतून मिळतो का, हे पत्रात स्पष्ट विचार. ‘अटास’ प्रमाणपत्र (काही विषयांसाठी परदेशी विद्यार्थ्यांना घ्यावी लागणारी सरकारी मंजुरी) लागेल का तेही विचार, त्याला वेळ लागतो. डिसेंबरात दुपारी पावणेचारच्या सुमारास सूर्य मावळतो. आपल्याकडच्या उन्हातून आलेल्याला ते जड जातं, म्हणून पहिल्या हिवाळ्यात सुट्टीच्या दिवशी सकाळी बाहेर पडच.

कळण्याचं पीठ आण, शेवभाजीचा मसाला आण. तूप, पेढे ठेव घरीच, दुधाचे पदार्थ आणायला बंदी आहे. मुलाखतीआधी तुझं ते मत एका पानात लिहून पाठव, मी वाचून सांगते.