संत्र्यावर फवारतात ते जी.ए. खरंच रोगाच्या बुरशीपासून बनतं का?

हो, खरंच. नागपूर-काटोलकडे संत्र्याची फळगळ कमी करायला जे जी.ए. फवारतात, म्हणजे जिबरेलिक अॅसिड, ते आजही कारखान्यात फ्युजॅरियम फुजिकुरोई ही बुरशी मोठ्या टाक्यांत वाढवून काढतात. हीच बुरशी धानावर रोग आणते. रोपं पिवळट पडून ताडमाड उंच होतात आणि बरीचशी लोंबी न धरताच मरतात.

१९२६ मध्ये कुरोसावा या जपानी शास्त्रज्ञाने बुरशी गाळून उरलेलं नुसतं पाणी रोपांना दिलं, तरी ती तशीच वाढली. म्हणजे करामत बुरशीने सोडलेल्या रसायनाची होती. १९३५ मध्ये याबुता या जपानी शास्त्रज्ञाने त्याला जिबरेलिन नाव दिलं. निरोगी झाडं स्वतःही हे बनवतात, हे नंतर कळलं.

बुरशीत यासाठी सात जनुकं एकाच गुणसूत्रावर शेजारी-शेजारी आहेत. मला सगळ्यात विलक्षण वाटतं ते हे की आसपास नत्र भरपूर असलं तर ती बंद राहतात आणि नत्र संपत आलं की चालू होतात. म्हणून कारखान्यातही नत्र मोजूनमापूनच देतात. बुरशीला यातून काय मिळतं? जिबरेलिनमुळे रोपाची बचाव-यंत्रणा ढिली पडते आणि बुरशीला आत शिरणं सोपं जातं.

झाडाचं संप्रेरक, म्हणजे वाढ ठरवणारं रसायन, बनवणारी ही एकटीच बुरशी नाही. मक्यावरची काणीची बुरशी ऑक्सिन हे दुसरं संप्रेरक बनवते.

एक सांगतो, जी.ए.ची पावडर पाण्यात नीट विरघळत नाही. आधी थोड्या अल्कोहोलमध्ये विरघळवा, मग पाण्यात मिसळा.