विमा कंपनीतली नोकरी: शाखा ओळखायची ती तेराव्या महिन्यावरून

नमस्कार ताई,

तुमचं पत्र वाचलं. मुलगी बी.कॉम. झाली आणि सोलापुरातच एका खासगी आयुर्विमा कंपनीच्या शाखेत सेल्स मॅनेजर म्हणून वर्षाला 3 लाख 60 हजारांची ऑफर आली. मग तिथल्या कर्मचाऱ्यांनी इंटरनेटवर लिहिलेले अनुभव वाचून घरात घोर लागला. एक म्हणतो ‘शिकायला भरपूर’, दुसरा म्हणतो ‘टार्गेटपायी जीव नकोसा झाला’. त्यातच रुजू होण्याआधी शंभर ओळखीच्या लोकांची यादी मागितली आहे. मुलीला या नोकरीत पाठवावं की नाही, असं तुम्ही विचारलंय.

ते दोन्ही अनुभव खरे असू शकतात, कारण एकाच कंपनीच्या नावाखाली चार निरनिराळ्या नोकऱ्या असतात. मुंबईच्या मुख्य कार्यालयात हिशेब बघणाऱ्याचा अनुभव सात रस्त्याजवळच्या शाखेत एजंट गोळा करणाऱ्याला लागू पडत नाही. बँकेच्या शाखेत बसून पॉलिसी विकणाऱ्याला एजंट नेमावे लागत नाहीत, पण त्याला बँकेचा मॅनेजर आणि स्वतःचा साहेब अशा दोघांना उत्तर द्यावं लागतं. म्हणून अनुभव वाचताना पद कोणतं, गाव केवढं आणि लिहिणारा कधी सोडून गेला, हे आधी बघा. ‘मॅनेजमेंट वाईट’ एवढंच लिहिलेलं सोडून द्या. ‘राजीनाम्यानंतर शेवटचा पगार तीन महिने अडवला’ असं नेमकं काही वेगवेगळ्या गावांतल्या लोकांनी लिहिलं असेल, तर ते गंभीरपणे घ्या.

तुमच्या मुलीचं पद एजन्सी विभागातलं आहे. त्यात तिनं स्वतः पॉलिसी विकायची नसते. एजंट नेमायचे, त्यांना परीक्षेला बसवायचं, त्यांच्याबरोबर ग्राहकाकडे जायचं आणि त्यांच्याकडून धंदा आणायचा, हे तिचं काम. शंभर नावांची यादी त्यासाठीच हवी असते. या धंद्यात तिला ‘नॅचरल मार्केट’ म्हणतात. यादी मागणं गैर नाही, नव्या माणसाची सुरुवात ओळखीतूनच होते. घोटाळा पुढे होतो. काही शाखा नव्या माणसाचे मामा, काका, शेजारी पहिल्या तीन-चार महिन्यांत संपवतात. यादी आटली की आकडा पडतो, साहेबाचे फोन वाढतात, सुधारणेची नोटीस हातात येते आणि मुलगी स्वतःच राजीनामा देते. तिच्या जागी नवी शंभर नावं घेऊन दुसरं कुणी येतं. ज्या शाखेत माणसं सहा-आठ महिन्यांत बदलतात, तिथे बहुधा हेच चाललेलं असतं.

म्हणून मुलाखत घेणाऱ्याला तिनं एक प्रश्न जरूर विचारावा: ‘शाखेची तेराव्या महिन्याची पर्सिस्टन्सी किती?’ म्हणजे वर्षापूर्वी विकलेल्या पॉलिसींपैकी किती जणांनी दुसऱ्या वर्षाचा हप्ता भरला. माझ्या मते शाखेतली संस्कृती ओळखायला यापेक्षा चांगला आकडा नाही. गळ्यात मारलेली पॉलिसी दुसऱ्या वर्षी बंद पडते. गरज आणि कमाई बघून दिलेली चालू राहते. आकडा 80 टक्क्यांच्या खाली असेल तर कारण विचारा. उत्तर टाळलं, तर तेही उत्तरच समजा.

आपल्या सोलापुरात हे फार जाणवतं. यंत्रमागावरच्या किंवा विडी कामगाराच्या घरात आठवड्याचा पगार येतो. त्याला मार्च अखेरीस 25 हजारांचा वार्षिक हप्ता गळी उतरवला, तर पुढच्या मार्चमध्ये तो एकरकमी आणणार कुठून? वार्षिक हप्ता भरायला 30 दिवसांची जादा मुदत असते, ती संपली की पॉलिसी बंद. माळशिरस-पंढरपूरकडच्या ऊस उत्पादकाच्या हातात कारखान्याचं बिल आल्यावर पैसा असतो, त्याचा हप्ता त्याच सुमाराला बसवावा लागतो. शहाणा शाखाधिकारी नव्या माणसाला हे शिकवतो, तेलुगू आणि कन्नड बोलणारे एजंट मिळवून देतो. दुसरा फक्त ‘आज किती लॉग-इन?’, म्हणजे ग्राहकांचे किती अर्ज जमा केले, एवढंच विचारतो. मुलीनं रुजू होण्याआधी एक सकाळ शाखेत बसायची परवानगी मागावी. सकाळच्या मीटिंगमध्ये कालच्या भेटींबद्दल बोलतात की शून्यावर असलेल्यांना सगळ्यांसमोर उभं करतात, हे तासाभरात कळतं.

आता पगार. त्या 3 लाख 60 हजारांत 60 हजार बदलता भाग असल्याचं तुम्ही लिहिलंय, तो हाती आला तरच आपला. राहिले महिन्याला 25 हजार. मूळ पगार त्याच्या निम्मा, 12,500 धरला, तर कंपनीचा पीएफ 1,500 आणि ग्रॅच्युइटीचे साधारण 600 त्यातच मोजलेले असतात. तिच्या वाट्याचा पीएफ आणखी 1,500. महाराष्ट्रात 25 हजारांपर्यंत पगार असलेल्या महिलांना व्यवसाय कर नाही, तेवढी सूट. म्हणजे हातात साधारण 21,400. रोज 50 किलोमीटर दुचाकी फिरली तर पेट्रोलचेच महिन्याला तीन हजारांच्या आसपास जातील. प्रवासभत्ता वेगळा आहे का, हे ऑफर लेटरमध्ये शोधा. नसेल तर 18 हजारांची नोकरी समजून निर्णय घ्या.

टार्गेटचा कागद ईमेलवर मागा. त्यात आकडा लॉग-इनवर मोजतात की पॉलिसी निघाल्यावर, हे बघा. चेक परत गेला किंवा ग्राहकानं पॉलिसी हातात आल्यापासून 30 दिवसांत ती परत केली, तर आकडा वजा होतो आणि मिळालेला इन्सेंटिव्हही पुढच्या पगारातून कापला जाऊ शकतो. प्रोबेशन किती, नोटीस किती दिवसांची, नोटीस न देता सोडल्यास किती वसुली, हेही लेखी हवं.

दोन गोष्टींना मात्र पहिल्या दिवसापासून ठाम नकार द्यायचा, मग साहेब कितीही नाराज होवोत. एक, महिनाअखेरीस ग्राहकाचा हप्ता स्वतःच्या खिशातून भरणं. विमा कायद्याच्या कलम 41 प्रमाणे हप्त्यात किंवा कमिशनमध्ये सूट देणं गुन्हा आहे, दंड 10 लाखांपर्यंत. आणि असा ग्राहक दुसरा हप्ता कधीच भरत नाही. दुसरी गोष्ट तुमच्याशी संबंधित आहे. ‘आईच्या नावानं एजंट कोड (एजंटचा नोंदणी क्रमांक) काढ, धंदा त्यावर दाखवू’ असं मुलीला सुचवतील. तुम्ही खरोखर काम करणार नसाल तर सही करू नका. उद्या चुकीच्या विक्रीची तक्रार आली तर उत्तर तुम्हाला द्यावं लागेल. घरात कुणी एलआयसीचं एजंट असेल तर त्यांना दुसऱ्या आयुर्विमा कंपनीचा कोड घेताच येत नाही.

संध्याकाळी ग्राहकाच्या घरी जावं लागतं, याची तुम्हाला काळजी वाटते. ती रास्त आहे. पहिले काही महिने एजंट किंवा वरिष्ठ बरोबर असल्याशिवाय जाणार नाही, हे तिनं आधीच सांगावं. 2013 च्या लैंगिक छळ प्रतिबंधक कायद्यात कामानिमित्त गेलेली जागाही कामाचं ठिकाणच धरली जाते, तक्रारीला तीन महिन्यांची मुदत असते. अंतर्गत समितीच्या सदस्यांची नावं शाखेत लावलेली आहेत का, हे त्या सकाळच्या भेटीत बघून यावं.

शाखा बरी निघाली तर जाऊ द्या, पण 18 महिन्यांचा विचार करून. एवढ्या काळात तिनं मुंबईच्या इन्शुरन्स इन्स्टिट्यूट ऑफ इंडियाची लायसेन्शिएट परीक्षा द्यावी. विक्री सोडून पुढे अंडररायटिंग (जोखीम तपासून विमा द्यायचा की नाही ते ठरवणं) किंवा दाव्यांच्या कामाकडे वळायचं झालं तर ती उपयोगी पडते. एलआयसीच्या सहायक प्रशासकीय अधिकारी पदासाठी पदवी आणि 21 ते 30 वय लागतं, तो अभ्यासही रविवारी करता येईल. शाखेनं रविवारही मागितला तर मला कळवा. टार्गेटचा कागद आला की तोही पाठवा, ऑफरला होकार कळवण्याआधी आपण तो एकत्र वाचू.