एआय वापरणं ख्रिस्ती माणसासाठी पाप आहे का?

तुमच्या मंडळीत एका रविवारी सांगितलं गेलं, की एआय म्हणजे बायबलच्या शेवटच्या पुस्तकातल्या, प्रकटीकरणातल्या श्वापदाचं चिन्ह. तुम्ही तर कॉलेजच्या अभ्यासाला रोज चॅटजीपीटी उघडता. तेव्हा ख्रिस्ती श्रद्धा याबद्दल नेमकं काय म्हणते, असा तुमचा प्रश्न आहे.

मी पाळक नाही, सेमिनरीचं, म्हणजे पाळक घडवणाऱ्या कॉलेजचं, तोंडही पाहिलेलं नाही. जालना जिल्ह्यात एका तालुक्याच्या गावी माझं ऑनलाइन सेवा केंद्र आहे. सातबारा, उत्पन्नाचा दाखला, पीकविमा, आधारवर पैसे काढून देणं, झेरॉक्स. आमच्या पाळकसाहेबांकडे तीन मंडळ्या असल्यामुळे महिन्यातून एखाद-दुसरा रविवार संदेश द्यायचं माझ्याकडे येतं. हे एवढ्यासाठी सांगतोय की माझं उत्तर पुस्तकातून कमी आणि काउंटरवरून जास्त आलेलं आहे.

श्वापदाचं आधी उरकतो. प्रकटीकरणाच्या 13 व्या अध्यायात उजव्या हातावर किंवा कपाळावर खूण नसेल त्याला विकत घेता येत नाही आणि विकता येत नाही, असं आहे. लहानपणी मी ऐकलं की ही खूण म्हणजे बारकोड. मग आधार आलं, तेव्हा आधार. मग कोरोनाची लस. आज हे सांगणाऱ्यांच्या खिशात आधार आहे आणि दंडात दोन डोस. तुमच्या पाळकांबद्दल वाकडं बोलत नाही, त्यांची भीती खरी असेल. पण 666, त्या श्वापदाचा आकडा, शोधता शोधता नाकासमोरचं राहून जातं.

मंडळीत हा विषय निघाला की सगळे बायबलच्या पहिल्या पुस्तकावर, उत्पत्ती 1:27 वर जातात. देवानं आपल्या प्रतिरूपाचा मनुष्य घडवला, मशीनला ते प्रतिरूप नाही, विषय संपला. बरोबरच आहे. मला वाटतं दोन पानं पुढं जावं. मना केलेलं फळ खाल्ल्यावर बागेत देव आदामाला विचारतो, तू कुठं आहेस? पुढं त्याच्या मुलाला, भावाला मारणाऱ्या काइनाला विचारतो, तुझा भाऊ कुठं आहे? शास्त्रात देवानं माणसाला विचारलेल्या अगदी सुरुवातीच्या प्रश्नांतले हे दोन, आणि दोन्ही वेळा माणूस अंग काढून घेतो. आदाम म्हणतो, तू जी बाई दिलीस तिनं दिलं म्हणून खाल्लं. काइन म्हणतो, मी काय भावाचा राखणदार आहे का? मराठीत उत्तर आणि जाब हे दोन वेगळे शब्द आहेत, ते इथं कामाला येतात. चॅटजीपीटीकडे उत्तर कशाचंही मिळेल. जाब मात्र माणसालाच विचारता येतो. आमच्या लाइनीतलं पाप मला तिथंच दिसतं: मशीनच्या आड उभं राहून जाब चुकवायचा.

याचा धडा मला एका मावशींनी दिला.

मागच्या वर्षी चैत्रात ऊसतोडीच्या टोळ्या परतल्या, त्या आठवड्यातली गोष्ट. मावशींना आधारवर दोन हजार काढायचे होते. अंगठा ठेवला, जुळला नाही. पदराला पुसून ठेवला, तरी नाही. सहा महिने कोयता धरलेला हात. अंगठ्यावर रेघ म्हणून उरली नव्हती, पाचटानं चिरलेलं आणि वरून काळं पडलेलं. मागं रांग. मी म्हणालो, "मावशी, मशीन नाही म्हणतंय, उद्या या." दुसऱ्या दिवशी तेच. त्यांचं गाव चौदा किलोमीटरवर, काळीपिवळीनं येणं-जाणं, म्हणजे एका दिवसाचं भाडं आणि एका दिवसाची मजुरी. तिसऱ्या खेपेलाही लाल अक्षरं आली तेव्हा त्या बाकड्यावर बसल्या आणि म्हणाल्या, "मशीन नाही म्हणतंय ते कळलं, बापू. तू काय म्हणतो?"

मला काही बोलता येईना. आधारला दहाही बोटं नोंदलेली असतात, हे रोज हेच काम करणाऱ्या मला माहीत नसेल होय? घाईत मी तिन्ही वेळा फक्त उजवा अंगठा ठेवून घेतला होता. मग बायकोनं कोमट पाणी आणलं, मावशींनी साबणानं हात धुतले, आणि आम्ही एकेक बोट लावत गेलो. डाव्या हाताच्या करंगळीशेजारच्या बोटाला मशीन हो म्हणालं. पाच मिनिटांचं काम होतं.

बोट जिवंत माणसाचं आहे की नकली ठसा आहे, हे ओळखायला आधारमध्ये 2023 पासून एआयवर चालणारी तपासणी आहे. त्यात गैर काही नाही, गरिबांचे नकली ठसे करून पैसे उचलणारेही असतातच. आणि मावशींचा अंगठा त्या तपासणीनं अडवला की झिजलेल्या रेघांनी, हे मला काउंटरवर कळत नाही. मला कळतं ते एवढंच, की "मशीन नाही म्हणतंय" हे वाक्य मी दिवसातून वीस वेळा म्हणत होतो आणि ते म्हटलं की माझ्या डोक्यावरचं ओझं उतरायचं. आदामालाही तसंच हलकं वाटलं असेल.

दुसरी कबुली संदेशाची. एका रविवारी तयारीला वेळ नव्हता, चॅटजीपीटीकडून मुद्दे घेतले आणि एक वचन सांगितलं, याकोब 6:3. पुढच्या रांगेतल्या आजी पानं उलटत राहिल्या, उलटत राहिल्या. याकोबाच्या पत्राला अध्यायच पाच आहेत. मी म्हणालो, "चुकून बोललो." तेही अर्धंच खरं.

त्यापेक्षा दफनविधीचं जास्त लागलं. आमच्या मंडळीतले एक काका वारले. आयुष्याची वीस वर्षं दारूत गेली, पुढची पंधरा एक थेंब नाही. रोज पहाटे चर्चचं अंगण झाडायचे. मी फोनवर नाव, वय, स्वभाव टाकला आणि भाषण मागवलं. शुद्ध, गुळगुळीत मराठी आली. "त्यांनी आपल्या कार्याने समाजात वेगळा ठसा उमटवला." ते मी कबरीपाशी उभं राहून वाचलं. नंतर काकू माझा हात धरून म्हणाल्या, "चांगलं बोललास लेकरा. पण कोणाबद्दल बोललास?" ना दारूचा उल्लेख, ना झाडूचा. बायबलमधल्या रोमकरांस पत्रात प्रेषित पौल रडणाऱ्यांबरोबर रडा म्हणतो. मी त्या दिवशी रडायचं काम बाहेर देऊन आलो होतो.

जर्मनीत 2023 च्या जूनमध्ये फ्युर्थ शहरातल्या एका प्रॉटेस्टंट चर्चमध्ये जवळजवळ पूर्ण उपासना चॅटजीपीटीकडून लिहून घेतली, पडद्यावरच्या आकृत्यांनी ती चालवली, आणि तीनशेहून जास्त लोक बसून होते. ते मुद्दाम करून पाहिलेलं होतं, लपवलेलं नव्हतं. त्याबद्दल माझी तक्रार नाही. मी लपवलं होतं.

चर्चची अधिकृत मतं विचाराल तर ती आहेत, आणि वाटतात तेवढी भित्री नाहीत. अमेरिकेतल्या सदर्न बॅप्टिस्टांच्या पुढाकारानं 2019 च्या एप्रिलमध्ये एआयवर एक निवेदन निघालं. कॅथलिकांकडे 2020 च्या फेब्रुवारीत रोममध्ये एआयच्या नीतीवर एक आवाहन झालं, त्यावर मायक्रोसॉफ्ट आणि आयबीएमनंही सह्या केल्या. पोप फ्रान्सिस 14 जून 2024 ला इटलीत जी-7 या सात श्रीमंत देशांच्या बैठकीत गेले आणि म्हणाले की माणसाचा जीव घ्यायचा की नाही हे कुठल्याही यंत्रानं कधीही ठरवू नये. जानेवारी 2025 मध्ये व्हॅटिकननं यावर मोठा लेखच काढला, आणि एआय हे माणसाच्या बुद्धीनं केलेलं काम आहे, जबाबदारी माणसाचीच, असा त्याचा सूर आहे. आता आम्ही सीएनआयवाले, म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडिया या प्रॉटेस्टंट चर्चचे, पोपचे नव्हे. तरी पोप लिओ चौदावे निवडून आल्यावर दोनच दिवसांनी, 10 मे 2025 ला, जे बोलले ते मला फार पटलं. लिओ हे नाव त्यांनी तेराव्या लिओंवरून घेतलं. तेराव्या लिओंनी 1891 मध्ये कारखान्यातल्या कामगारांच्या हक्कांवर पत्र काढलं होतं, आणि आता एआयमुळे मजुरीचा, माणसाच्या मानाचा तोच प्रश्न पुन्हा आलाय, असं त्यांचं म्हणणं.

मजुरीवरून आठवलं, कारण ही बाजू आपल्याकडे कोणी बोलतच नाही. चॅटजीपीटी इतकं सभ्य बोलतं, कारण आधी कोणीतरी शिव्या, बलात्कार, खून यांची वर्णनं वाचून वाचून "हे घाण, हे चालेल" अशा खुणा केल्या. 2023 च्या सुरुवातीला बातमी आली की केनियातल्या अशा कामगारांच्या हातात तासाला दोन डॉलरपेक्षा कमी पडत होते. मध्ये कंत्राटदार. आमच्याकडे उचल देऊन टोळी नेणारा मुकादम ज्यानं पाहिलाय त्याला ही साखळी समजावून सांगावी लागत नाही. याकोबाच्या पत्रात, खऱ्याखुऱ्या पाचव्या अध्यायात, शेत कापणाऱ्यांची अडकवलेली मजुरी ओरडतेय आणि ती ओरड देवाच्या कानी गेलीय, असं लिहिलंय. एआयच्या नीतीवर मला एकच वचन निवडायला सांगितलं तर मी हेच घेईन. प्रकटीकरण 13 नाही.

भेदभावाचंही थोडं सांगतो. मशीन जुन्या नोंदींवरून शिकतं. धर्मोपदेशक नारायण शेषाद्रींनी निजामाच्या काळात जालन्याजवळ बेथेल ही ख्रिस्ती वसाहत वसवली, तेव्हापासून या भागात जे ख्रिस्ती झाले त्यांत बरेच गावकुसाबाहेरचे होते. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशामुळे ख्रिस्ती झालेल्या दलिताला आजही अनुसूचित जातीचा दाखला मिळत नाही, आणि गावात वागणूक मात्र जुनीच मिळते. दाखल्यांचे फॉर्म मीच भरतो, म्हणून माहीत आहे: कागदावर एक माणूस असतो, गल्लीत दुसरा. उद्या कर्ज कोणाला द्यायचं, नोकरीला कोणाला बोलवायचं हे त्या कागदांवर शिकलेलं मशीन ठरवायला लागलं, तर गल्लीतल्या माणसाला ते ओळखणार कसं?

आता तुमचं. अभ्यासाला वापरा. मीही वापरतो, सरकारी परिपत्रक सोप्या मराठीत करून घ्यायला त्यासारखं काही नाही. बायबलच्या निर्गम पुस्तकात बसालेल नावाच्या माणसाला कारागिरीसाठी देवाच्या आत्म्यानं भरलं असं आहे, म्हणजे हुन्नर ही काही सैतानाची गोष्ट नाही. पण चॅटजीपीटीनं लिहिलेला निबंध स्वतःच्या नावानं दिलात तर तो दहा आज्ञांतल्या नवव्या आज्ञेत येतो, खोटी साक्ष. कोणाचा चेहरा-आवाज लावून व्हिडिओ केलात तर तेही तिथंच. आणि प्रार्थना त्याच्याकडून लिहून घेऊ नका, तोडकीमोडकी असली तरी तुमचीच करा. पाळकांशी भांडू नका. त्यांना म्हणा, पुढच्या रविवारी उत्पत्तीचा चौथा अध्याय, काइनाचा, घ्या.

मावशी दिवाळीनंतर परत उसाला गेल्या. जायच्या आधी त्यांच्या पासबुकाच्या शेवटच्या पानावर मी पेनानं लिहून दिलं: डावा हात, करंगळीशेजारचं बोट. कारखान्याकडच्या केंद्रवाल्याला वाचता आलं पाहिजे म्हणून ठळक अक्षरात.